वाचकांचे प्रश्न : गुहेची हद्द कोण ठरवणार?

गेल्या अंकात इंडोनेशियातील मध्य जावा प्रांतात, केंदेंग डोंगररांगेतील गुहा आणि झरे वाचवण्यासाठी सिमेंट कारखान्याविरुद्ध झालेल्या आंदोलनावर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : केंदेंगच्या शेतकरी महिलांनी आपले पाय सिमेंटमध्ये रोवून घेतले, असे टिपणात वाचले. इतक्या टोकाला जाण्याची वेळ का आली? आणि सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही कारखाना उभा कसा राहिला?

उत्तर : केंदेंग ही जावा बेटाच्या उत्तर भागातील चुनखडकाची रांग आहे. पाती, रेंबांग, ब्लोरा, ग्रोबोगान या जिल्ह्यांतील भातशेती आणि पिण्याचे पाणी या डोंगराच्या पायथ्याशी फुटणाऱ्या झऱ्यांवर अवलंबून आहे, आणि सिमेंटला लागणारा दगडही नेमका हाच आहे. पहिली लढाई पाती जिल्ह्यातील सुकोलिलो येथे झाली. डच राजवटीला कर नाकारणाऱ्या पूर्वजांचा वारसा सांगणारा सेदुलुर सिकेप हा शेतकरी समाज तिथे आघाडीवर होता. २००९ मध्ये सेमारांगच्या प्रशासकीय न्यायालयाने गावकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम केला आणि सरकारी मालकीच्या त्या सिमेंट कंपनीने आपला मोर्चा शेजारच्या रेंबांग जिल्ह्याकडे वळवला. एका गावातून हटवलेला प्रकल्प त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला निघतो, हा अनुभव अशा चळवळींना नवा नाही.

रेंबांगच्या प्रकल्पाला प्रांताच्या गव्हर्नरांनी जून २०१२ मध्ये पर्यावरण परवाना दिला. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, त्यांना या परवान्याची खबर लागली ती थेट जून २०१४ मध्ये, बांधकामाची यंत्रे येऊ लागल्यावर. त्याच महिन्यात महिलांनी प्रकल्पाच्या वाटेवर तंबू ठोकला, सप्टेंबरमध्ये दावा दाखल झाला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो मुदतबाह्य ठरवून फेटाळण्यात आला. अपिलातही काही निष्पन्न झाले नाही. डोंगराखाली पाणी आहे की नाही, या मूळ प्रश्नापर्यंत सुनावणी पोचलीच नव्हती. अशा वेळी, एप्रिल २०१६ मध्ये, नऊ महिला जकार्तामध्ये अध्यक्षीय प्रासादासमोर लाकडी खोक्यांत पाय ठेवून बसल्या आणि त्या खोक्यांत त्यांनी सिमेंट ओतून घेतले. सिमेंट घट्ट झाल्यावर त्यांना जागचे हलवायचे तर खोक्यासकट उचलून न्यावे लागे. इंडोनेशियातील स्त्रीशिक्षणाच्या आद्य पुरस्कर्त्या कार्तिनी यांच्या नावावरून लोक या महिलांना ‘केंदेंगच्या कार्तिनी’ म्हणू लागले.

ऑगस्ट २०१६ मध्ये अध्यक्ष जोको विडोडो यांनी आंदोलकांची भेट घेतली आणि संपूर्ण रांगेचे पर्यावरणीय मूल्यांकन करण्याचा आदेश दिला. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विलोकनात परवाना रद्द केला. मात्र तोवर कारखाना जवळपास बांधून झाला होता, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये गव्हर्नरांनी त्याच प्रकल्पाला नव्याने परवाना दिला. मार्चमध्ये पुन्हा पाय सिमेंटमध्ये गेले. या दुसऱ्या आंदोलनात सहभागी झालेल्या ४८ वर्षांच्या एका शेतकरी महिलेचा हृदयविकाराने मृत्यू झाला. एप्रिलमध्ये मूल्यांकनाचा पहिला अहवाल आला आणि त्यात वातुपुतिह भूजल खोऱ्यात खाणकाम थांबवण्याची शिफारस होती.

तेव्हा हाती काय लागले, याचे एका शब्दात उत्तर देता येणार नाही. सिमेंटच्या खोक्यांमुळे साऱ्या देशाचे लक्ष वेधले गेले, यात शंका नाही. पण माझ्या मते या लढ्याचे सर्वांत मोठे नुकसान २०१२ ते २०१४ या दोन वर्षांत झाले. परवाना कागदावर होता आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता, तो हा काळ. उभ्या कारखान्यात गुंतलेला पैसा पुढच्या प्रत्येक निर्णयावर आपले वजन टाकत राहतो, मग न्यायालय काहीही म्हणो.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. खाण कंपन्या गुहेच्या तोंडाभोवती शंभर-दोनशे मीटरचा पट्टा राखीव ठेवायला तयार असतात. हा तोडगा मला व्यवहार्य वाटतो. आंदोलक तो का नाकारतात?

उत्तर : कारण हा तोडगा दिसणाऱ्या गुहेपुरता असतो, आणि गुहेचा बहुतांश भाग दिसत नाही. आपल्या व्यवसायातल्या माणसाला हा मुद्दा पटेल असे वाटते, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

पावसाचे पाणी हवेतून आणि त्याहूनही अधिक मातीतून कार्बन डायऑक्साइड घेते, सौम्य आम्लधर्मी होते आणि चुनखडकातील भेगांमधून झिरपताना खडक विरघळवत जाते. हजारो वर्षांत केसाएवढ्या भेगेची नळी होते, नळीचे भुयार होते. अशा प्रदेशाला भूशास्त्रात कार्स्ट म्हणतात. येथे ओढा वाहता वाहता एखाद्या विवरात गडप होतो आणि काही किलोमीटरवर, कधी डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, झरा होऊन बाहेर पडतो. नकाशावरील समोच्च रेषांवरून काढलेला पाणलोट आणि जमिनीखालचा खरा पाणलोट यांचा मेळ बसेलच असे नाही. म्हणजे गुहेच्या तोंडाला केंद्र मानून काढलेले वर्तुळ भूमितीत कितीही नेटके असले, तरी पाण्याच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नसतो. नळाच्या तोटीला कुलूप घालून वरच्या टाकीत राडारोडा टाकण्याचाच हा प्रकार झाला.

याचा जुना पुरावा औद्योगिक वादातूनच मिळालेला आहे. जर्मनीत इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातच जिरते. ते सुमारे १२ किलोमीटर दूर असलेल्या आख झऱ्याला मिळते का, यावरून वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाणी वापरणाऱ्यांत तंटा होता. १८७७ मध्ये नदीच्या त्या जिरणाऱ्या जागी १० किलो फ्लुओरेसिन हा रंग सोडण्यात आला, आणि जवळपास अडीच दिवसांनी आखचे पाणी झळझळीत हिरवे झाले. अडीच दिवसांत १२ किलोमीटर! साध्या वाळूच्या थरातून भूजलाला इतके अंतर कापायला कित्येक वर्षे लागतात आणि वाटेत ते गाळलेही जाते. कार्स्टमध्ये ना वेळ मिळतो ना गाळणी. खाणीतला गाळ, यंत्रांचे तेल, स्फोटकांतील नायट्रेट हे सारे जसेच्या तसे झऱ्यापर्यंत पोचू शकते.

खाणकामाचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. चुनखडकाचा अगदी वरचा, काही मीटर जाडीचा भेगाळलेला थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि ते कोरड्या महिन्यांत थोडे थोडे खाली सोडतो. खाण सुरू होते ती नेमका हाच थर सोलून. त्यामुळे भुयाराला स्फोटाचा धक्काही न लागता, गुहा जशीच्या तशी असताना, पायथ्याचा झरा पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आटतो.

टास्मानियातील एक्झिट केव्ह या मोठ्या गुहेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिच्या जवळच्या टेकडीवर चुनखडकाची एक जुनी खाण चालू होती. खाण गुहेच्या तोंडाशी नव्हती आणि वरवर पाहता तिचा गुहेशी संबंध दिसत नव्हता. १९८९ मध्ये जागतिक वारसा क्षेत्राची हद्द वाढून हा परिसर आत आला. रंग सोडून केलेल्या चाचण्यांनी खाणीतले पाणी गुहेत उतरते हे दाखवून दिले, आणि १९९२ मध्ये खाण बंद झाली. नंतर खाणीची जागा, पाण्यासोबत गाळ खाली जाणार नाही अशा रीतीने, भरून पूर्ववत करण्याचे काम हाती घेण्यात आले. हा वाद मोर्च्यांच्या जोरावर मिटला नसता, पाण्याची वाट सिद्ध झाली म्हणून मिटला.

म्हणून राखीव पट्ट्याला सरसकट नकार द्यावा, असे माझे म्हणणे नाही. पट्टा किती मीटरचा, हा प्रश्न पाण्याचा माग काढल्यानंतर विचारायचा आहे. बहुतेक प्रस्तावांत तो आधीच ठरवून टाकलेला असतो.

प्रश्न : ज्या गुहेत ना चित्रे आहेत ना सुंदर लवणस्तंभ, अशा चिखलाने भरलेल्या भोकासाठी लोकांना कसे उभे करायचे? त्यापेक्षा गुहा पर्यटनासाठी खुली केली तर तिचे आपोआप रक्षण होणार नाही का?

उत्तर : आपला पहिला प्रश्न खरा आहे आणि अवघडही. अशा वेळी लोकांना गुहा दाखवू नये, झरा दाखवावा. गुहेवर सर्वांचे प्रेम बसेलच असे नाही, पण आपल्या पाणवठ्याचे मूळ कोणालाही परके वाटत नाही. त्याखेरीज, दिसायला क्षुद्र असलेल्या गोष्टींतही काय दडलेले असते याची दोन उदाहरणे देतो. आजपासून ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडाला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले, कारण त्या काळातील मोठ्या दुष्काळाची प्रमाण मानलेली नोंद मेघालयातील मावम्लूह गुहेतल्या एका लवणस्तंभाच्या थरांत सापडली. त्याच मावम्लूहच्या परिसरात चुनखडकाच्या खाणी आणि सिमेंटचा कारखाना आहे. दुसरे उदाहरण मलेशियाचे. चुनखडकाच्या सुट्या टेकड्यांवर तिथे अशा गोगलगायी आढळतात की, एक जात एकाच टेकडीवर राहते. पाहांग राज्यातील बुकित पांचिंग ही टेकडी दगडासाठी पोखरून नाहीशी झाली आणि केवळ तिच्यावरच राहणारी प्लेक्टोस्टोमा स्कियाफिलम ही गोगलगायही तिच्याबरोबर गेली. पुढे २०१४ मध्ये पेराक राज्यातील गुनुंग कांथान या टेकडीवर सापडलेल्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी तिथे खाणकाम करणाऱ्या लाफार्ज कंपनीचेच नाव दिले : कॅरोपा लाफार्जेई. निषेधाचा इतका सभ्य प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

पर्यटनाबाबत मात्र मी सावध राहीन. फ्रान्समधील लास्को ही चित्रगुहा माणसांच्या श्वासाने आणि सोबत आलेल्या शेवाळाने बिघडू लागली म्हणून १९६३ मध्ये सर्वसामान्यांसाठी बंद करावी लागली. अमेरिकेतील लेचुगिया गुहेभोवती तेल आणि वायूसाठी नव्याने खोदकाम होऊ नये म्हणून १९९३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला, आणि ती गुहा पर्यटकांना कधीच खुली नव्हती. मोहिमेच्या पत्रकांत गुहेचा नेमका ठावठिकाणा छापण्यापूर्वीही विचार करावा. अमेरिकेच्या १९८८ च्या गुहा संरक्षण कायद्याने महत्त्वाच्या गुहांची ठिकाणे गोपनीय ठेवण्याची तरतूद केली आहे, ती उगीच नव्हे.

प्रश्न : सिमेंटला विरोध करणारे स्वतः सिमेंटच्या घरांत राहतात. हा दुटप्पीपणा नव्हे का?

उत्तर : हा आक्षेप प्रत्येक जाहीर सभेत येतो आणि त्याला चिडून उत्तर देणे ही मोठी चूक ठरते. होय, आपण सारे सिमेंट वापरतो. पण एका विशिष्ट डोंगराचे पाणी वाचवा असे म्हणणे आणि सिमेंट नको असे म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्याच चुनखडकात गुहा आणि भुयारी नद्या नसतात. पर्यायी जागांचा अभ्यास झाला का, हे विचारण्याचा अधिकार सिमेंटच्या घरात राहणाऱ्यालाही आहे. शिवाय सिमेंटमध्ये क्लिंकरचे, म्हणजे चुनखडक आणि चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या खड्यांचे, प्रमाण कमी करता येते. भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणारे मिश्र सिमेंट आता काही ठिकाणी तयार होते, आणि त्यात मिसळायला हलक्या प्रतीचा दगडही चालतो. याने खाणी बंद होणार नाहीत. पण अमुकच डोंगर हवा, हा हट्ट नक्कीच दुबळा होतो.

प्रश्न : न्यायालयात हरलेल्या मोहिमा पुढे जाऊन यशस्वी झाल्याचे उदाहरण आहे का? आमच्या गटात निराशा आहे.

उत्तर : ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात माउंट एट्ना नावाची चुनखडकाची टेकडी आहे. दुर्मिळ मांसाहारी घोस्ट बॅट वटवाघळे तिच्या गुहांत राहत. बॅट क्लेफ्ट नावाच्या घळीत लहान जातीच्या वटवाघळांच्या माद्या मोठ्या संख्येने पिलांना जन्म देतात. स्थानिक गुहा-संशोधकांनी १९६० च्या दशकापासून तिथल्या खाणकामाला विरोध केला, पुढे गुहांत ठाण मांडले. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये, वाद चालू असतानाच, सिमेंट कंपनीने स्पीकिंग ट्यूब ही गुहा सुरुंग लावून उडवली. संशोधकांची संस्था न्यायालयात गेली, तेव्हा तिला दाद मागण्याचा अधिकारच नाही असे सांगण्यात आले, कारण तिचे स्वतःचे असे काही विशेष हित गुंतलेले नव्हते. वर्षानुवर्षे त्या गुहांची मोजणी करणाऱ्या लोकांना हे ऐकावे लागले!

तरीही बॅट क्लेफ्ट वाचली. खाणकाम २००४ मध्ये थांबले आणि टेकडीचा भाग राष्ट्रीय उद्यानात आला. गंमत म्हणजे खाणीने उघड्या पाडलेल्या गुहांच्या गाळात लाखो वर्षांपूर्वीच्या वर्षावनातील प्राण्यांचे विपुल जीवाश्म सापडले. खाण नसती तर ते कदाचित दिसलेही नसते, असा युक्तिवाद कोणी केला तर तो ऐकून घ्यावा लागेल. मात्र किती जीवाश्म भट्टीत गेले, याचा हिशेब त्या युक्तिवादात नसतो.

याला यश म्हणायचे की नाही, हे आपल्या गटाने ठरवावे. उडवलेली गुहा परत येत नाही. पण या प्रकरणातून घेण्यासारखी एक व्यवहारी गोष्ट अशी की, दावा दाखल करणाऱ्यांत केवळ गुहाप्रेमी असू नयेत. झऱ्याचे पाणी पिणारा, त्यावर शेत भिजवणारा, आपले हित थेट दाखवू शकणारा माणूस वादी म्हणून हवा. आणि स्थानिक न्यायालयात दार बंद झाले तर वरच्या पातळीवरचा कायदा धुंडाळावा. टास्मानियात फ्रँकलिन नदीवरील धरणाने कुटिकिना ही चुनखडकातली गुहा बुडणार होती. १९८१ मध्ये तिथे हिमयुगातील मानवी वस्तीचे अवशेष मिळाले. राज्य सरकार धरणावर ठाम होते, पण १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (हेच त्या देशातले सर्वोच्च न्यायालय) जागतिक वारसा कराराच्या आधारे केलेला केंद्राचा कायदा चार विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला आणि धरण थांबले. एका मताचा फरक होता.

प्रश्न : आमच्याकडे भूशास्त्रज्ञ नाही, पैसाही नाही. हरकत नोंदवण्यासाठी पुरावा म्हणून आम्ही स्वतः काय गोळा करू शकतो?

उत्तर : बरेच काही, आणि त्यातले पुष्कळसे विशेषज्ञाला एकट्याने गोळा करणे शक्यही नसते. केंदेंगमध्ये आंदोलकांच्या बाजूने जी पाहणी मांडण्यात आली, तिच्यात वातुपुतिह परिसरातील १०९ झरे आणि ४९ गुहांची नोंद होती. गावातल्या माणसांनी वाटा दाखवल्याशिवाय अशी यादी होत नाही.

सुरुवात झऱ्यांपासून करावी. प्रत्येक झऱ्याचे स्थानिक नाव, जागा, तो कोण वापरते आणि तो कधी आटला होता का, हे लिहून काढावे. मग ठरावीक दिवशी पाणी मोजावे. माप असलेली बादली भरायला किती सेकंद लागतात, एवढे पुरते, पण त्यात खंड पडता कामा नये. जोराच्या पावसानंतर किती तासांनी पाणी गढूळ होते आणि किती दिवसांनी निवळते, ही नोंद तर फारच मोलाची असते. वर पडलेला पाऊस आणि खाली गढूळलेला झरा यांच्यात काही तासांचेच अंतर असेल, तर मधे मोकळे भुयार असल्याची शक्यता बळावते आणि रीतसर चाचणीची मागणी करायला आधार मिळतो. वर्षभराची सलग वही असेल तर तिच्याकडे कोणत्याही जाणकाराला दुर्लक्ष करता येत नाही. शिवाय खाण सुरू होण्यापूर्वीची नोंद खाण सुरू झाल्यावर कोणालाच करता येत नाही, म्हणून या कामाची घाई हवी.

पाण्यात रंग सोडण्याची चाचणी मात्र स्वतः करू नये. वापरले जाणारे रंग योग्य मात्रेत निरुपद्रवी असले तरी पिण्याच्या पाण्यात परवानगीशिवाय काहीही सोडणे गैर आहे, आणि घाईने केलेली चाचणी विरुद्ध बाजूचा वकील दोन प्रश्नांत मोडीत काढतो. जाणकार मंडळी झऱ्यांत कोळशाच्या पुरचुंड्या बांधून ठेवतात. डोळ्यांना न दिसणारा रंगही कोळसा धरून ठेवतो आणि तो प्रयोगशाळेत मोजता येतो. आपण या चाचणीची मागणी करावी आणि ती कोणत्या ऋतूंत, कोणकोणत्या झऱ्यांवर व्हावी याची यादी आपल्या वहीतून द्यावी.

प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल मिळवणे हे दुसरे काम. तो मिळाला की तीन ठिकाणी बोट ठेवावे. झऱ्यांची संख्या आपल्या यादीशी जुळते का? पाहणी केवळ कोरड्या महिन्यांत झाली आहे का? आणि पाणलोटाची हद्द कशावरून आखली? ‘गुहा आढळल्या नाहीत’ असे वाक्य असेल तर शोध कोणी, किती दिवस आणि कुठे घेतला हे लेखी विचारावे. स्थानिक किंवा राष्ट्रीय गुहा-संशोधन संस्था असेल तर तिच्याकडे जुने नकाशे असू शकतात. हरकत सादर करताना पोच घ्यावी, आणि परवान्याची तारीख, तो कळल्याची तारीख व अपिलाची मुदत या तिन्ही गोष्टी एका कागदावर सतत डोळ्यांसमोर ठेवाव्यात. रेंबांगचा पहिला दावा कशावरून फेटाळला गेला, ते वर आलेच आहे.

प्रश्न : नोंदी करण्यासाठी आम्ही तरुण मुले गुहेत उतरलो तर चालेल का?

उत्तर : प्रशिक्षित गुहा-संशोधक सोबत असल्याशिवाय नाही, आणि पावसाच्या दिवसांत कधीच नाही. डोंगराच्या पलीकडे पडलेल्या पावसानेही भुयारातले पाणी अचानक चढते. वटवाघळांच्या विणीच्या काळातही आत जाऊ नये. माद्या बिथरल्या की पिले खाली पडतात. झऱ्यांची वही पूर्णपणे बाहेर राहूनच भरता येते.